सूत्राआधी 'एकाच वेळी' म्हणजे काय ते समजून घ्या

कोल्हापुरात बी.एस्सी. करताना विशेष सापेक्षतेच्या गणितांत मी पुन्हा पुन्हा एकच चूक करायचो. गॅमाने, म्हणजे वेगामुळे वेळ आणि लांबी किती पट बदलते ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणायचं तिथे भागायचो. सूत्रं पाठ होती, पण हे घड्याळ कुणाचं आणि ही पट्टी कुणाची, असा प्रश्नच मला पडला नव्हता.

तो पडला रुकडीच्या फलाटावर. तिथून मी रोज कॉलेजला ये-जा करायचो. एक गाडी धडधडत पुढे गेली आणि वाटलं, हिची लांबी इथे उभं राहून मोजायची कशी? इंजिनापाशी एक खूण, शेवटच्या डब्यापाशी दुसरी. पण दोन्ही एकाच क्षणी करायला हव्यात, नाहीतर मधल्या वेळात गाडी सरकते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं ते नेमकं इथे येतं. फलाटावर जे एकाच क्षणी घडतं, ते गाडीतल्या माणसाला तसं दिसत नाही. तो म्हणेल, "पुढची खूण तुम्ही आधी केलीत, मागची नंतर, म्हणून लांबी कमी भरली." लांबीचं आकुंचन म्हणजे हेच, गाडी कुणी दाबलेली नसते. ताशी ९० किलोमीटरने धावणाऱ्या ४०० मीटरच्या गाडीत हा फरक अणूच्या आकाराच्या शंभराव्या भागाएवढा असतो, म्हणून तो रोजच्या जगण्यात जाणवत नाही.

म्यूऑनच्या, म्हणजे वातावरणात उंचावर जन्मणाऱ्या अल्पायुषी कणाच्या, बाबतीत मात्र तो ठळक दिसतो. हे गणित दोन्ही बाजूंनी स्वतः सोडवाच. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. समजा, तो १५ किलोमीटर उंचीवर जन्मला आणि प्रकाशाच्या ०.९९५ पट वेगाने खाली निघाला. प्रवासाला आपल्या घड्याळाने ५० मायक्रोसेकंद लागतात. सापेक्षता नसती तर अब्जात एकही जमिनीवर पोचला नसता. पण गॅमा १० आहे, त्यामुळे त्याच्या घड्याळात फक्त ५ मायक्रोसेकंद सरतात आणि दहातला साधारण एक पोचतो. आता म्यूऑनवर बसून पाहा. त्याचं घड्याळ नेहमीसारखंच चालतंय, वातावरण मात्र दीड किलोमीटरचंच उरलंय. उत्तर तेच येतं. हे जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

गणित हातात घेतलं की आधी दोन घटना लिहा. दोन्ही घटनांच्या जागी हजर असणारं एकच घड्याळ शोधा. सर्वांत कमी वेळ तेच दाखवतं. सरावाला प्रकाशाच्या ०.६ आणि ०.८ पट हे वेग घ्या. गॅमा १.२५ आणि ५/३ येतो, आकडेमोडीत डोकं अडकत नाही.