हृदयविकाराच्या झटक्यानंतर इको आणि एमआरआयचे अहवाल कसे वाचावेत

झटक्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आपल्यातले जितके टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, ३५ टक्के आले, की घरच्यांचा धीर सुटतो. परंतु त्या एका आकड्यावरून पुढील वर्षांचा अंदाज बांधू नये. रक्तपुरवठा थांबलेल्या स्नायूचा काही भाग मेलेला असतो, तर काही जिवंत असूनही तात्पुरता बधिर झालेला असतो, आणि इकोच्या पडद्यावर हे दोन्ही भाग सारखेच निश्चल दिसतात. बधिर भाग पुढील काही आठवड्यांत सावरू शकतो. म्हणून औषधे नियमित चालू ठेवून साधारण ६ ते १२ आठवड्यांनी इको पुन्हा करून घ्यावा. छातीत डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) बसवण्याचा प्रतिबंधात्मक निर्णयसुद्धा याच कारणाने झटक्यानंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाले असल्यास सुमारे ३ महिने थांबून घेतला जातो.

इकोचे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचताना डाव्या खालच्या कप्प्याचे आकारमान आवर्जून पाहावे. आकुंचनाच्या शेवटी कप्प्यात उरणारे रक्त वाढत असेल, तर हृदय फुगत चालले आहे आणि हार्ट फेल्युअरचा (हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकण्याचा) धोका वाढतो आहे, असे समजावे. इजेक्शन फ्रॅक्शनमधला चार-पाच टक्क्यांचा फरक मात्र निव्वळ मोजणीतलाही असू शकतो.

मेलेला स्नायू किती, याचे नेमके उत्तर एमआरआय देतो. गॅडोलिनियम हे चित्रात फरक ठळक करणारे द्रव्य शिरेत टोचल्यानंतर १० ते १५ मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत मृत भाग पांढरा उजळतो. भिंतीच्या जाडीचा निम्म्याहून अधिक भाग असा उजळला असेल, तर तेथील हालचाल परत येण्याची शक्यता कमी असते. त्या पांढऱ्या भागाच्या पोटात काळा डाग आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे, आणि माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मोठी रक्तवाहिनी उघडली, तरी तिच्या पुढच्या सूक्ष्म वाहिन्या बंदच राहिल्याची ती खूण असते, आणि इजेक्शन फ्रॅक्शन बरे असतानाही ती पुढील धोक्याची सूचना देते. हा डाग पहिल्या आठवड्यात स्पष्ट दिसतो आणि नंतर पुसट होत जातो, तर व्रणाचा, म्हणजे त्या पांढऱ्या मृत भागाचा, आकार त्या दिवसांत सुजेमुळे प्रत्यक्षाहून मोठा भासतो. त्यामुळे एमआरआय झटक्यानंतर कितव्या दिवशी झाला, याची नोंद अहवालाबरोबर ठेवावी. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास गॅडोलिनियम देण्यापूर्वीच तसे सांगावे.