तुरुंगातून फोन येणार असेल तर

बहुतेक तुरुंगांत बाहेरून फोन लावता येत नाही. कैदीच लावतो, तोही आधी मंजूर झालेल्या नंबरवर. म्हणून सिमकार्ड बदलण्याआधी नवा नंबर नोंदवून घ्या. आलेला कॉल तिसऱ्याला जोडून देऊ नका, त्याने सवलतच बंद होऊ शकते. व्हिडिओ भेटीत ओळखपत्र हाताशी ठेवा. नाव न नोंदवलेला माणूस, अगदी शेजारीसुद्धा, कॅमेऱ्यासमोर नको, स्क्रीनशॉटही नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे बोलणं सहसा रेकॉर्ड होतं आणि कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकतं. खटला, साक्षीदार, पैशांचे व्यवहार यांबद्दल चकार शब्द काढू नका, सांकेतिक भाषेत तर मुळीच नाही. ते वकिलासाठी ठेवा. वेळ संपली की फोन मधेच कटतो, तेव्हा कामाचं आधी बोला, रडणं-रुसणं नंतर.