व्हॅक्यूम फॉर्मिंगसाठी कुठलं प्लास्टिक घ्यायचं? मोल्ड कापायच्या आधी हे वाचा

व्हॅक्यूम फॉर्मिंगमधे, म्हणजे प्लास्टिकची शीट गरम करून व्हॅक्यूमने मोल्डवर ओढून आकार द्यायच्या कामात, नवीन असलेले बरेच जण आधी मोल्ड बनवून घेतात आणि मग शीट शोधायला बाहेर पडतात. माझं म्हणणं, हे उलट करा. आधी मटेरियल ठरवा, मग मोल्ड. कारण श्रिंकेज. हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलीस्टायरीन), एबीएस (मार सोसणारं कडक प्लास्टिक), पीईटीजी (पीईटीचा सहज फॉर्म होणारा प्रकार) या शीट थंड झाल्यावर साधारण अर्धा टक्का, फार तर पाऊण टक्का आक्रसतात, पण पीपी (पॉलीप्रॉपिलीन) दीड ते दोन टक्के आणि एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलीइथिलीन) त्याहूनही जास्त. म्हणजे ५०० एमएम लांबीचा पार्ट एबीएसमधे ३ एमएमच्या आसपास कमी भरेल आणि पीपीमधे जवळजवळ १० एमएम. एबीएस धरून कापलेल्या मोल्डवर नंतर कस्टमर म्हणाला की आता हेच पीपीत काढून द्या, तर झाकण डब्यावर बसणार नाही आणि मोल्ड परत करावा लागेल, तो खर्च कोण देणार?

मग मटेरियल ठरवायचं कसं, तर पार्टच्या नशिबी काय काय आहे ते विचारायचं. उन्हात राहणार का, गरम काही लागणार का, आपटणार का, खायचं ठेवणार का, पेंट किंवा चिकटवायचं काम आहे का. एवढी उत्तरं मिळाली की निम्मी मटेरियल आपोआप गळतात.

शिकायला आणि सॅम्पल काढायला हिप्स घ्या, बिनधास्त. स्वस्त आहे, शीट सुकवावी लागत नाही, साधारण १४० ते १७० डिग्रीमधे छान फॉर्म होतं, म्हणजे हीटर थोडा इकडेतिकडे झाला तरी सांभाळून घेतं, बारीक डिटेल पण पकडतं. डिस्प्ले, मुखवटे, पॅकिंग ट्रे, सगळं यात होतं. पण ऊन त्याला सोसत नाही, आणि तेलकट गोष्टींशी सतत संबंध आला की कालांतराने तडकतं. हिप्सचं श्रिंकेज एबीएसच्या जवळ असल्यामुळे पहिले सॅम्पल हिप्समधे काढून फिटिंग बघायचं आणि फायनल एबीएसमधे करायचं, हे चालतं. फायनल पीपी असेल तर मात्र हिप्सच्या सॅम्पलवरून फिटिंगचा अंदाज बांधू नका.

मार खाणारी गोष्ट असेल, मशीनचं कव्हर, गाडीचा आतला पार्ट, बॅग, तर एबीएस. फक्त एबीएस हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारू नका. न सुकवता हीटरखाली घातलं की पृष्ठभागावर बुडबुडे येतात आणि लोक हीटरला दोष देत बसतात. ७० ते ८० डिग्रीच्या ओव्हनमधे जाडीनुसार काही तास ठेवा, ३ एमएम असेल तर दोन-तीन तास तरी. उन्हात साधं एबीएस पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, त्यामुळे बाहेर राहणाऱ्या पार्टला वर ॲक्रिलिकचा थर असलेलं एबीएस किंवा एएसए (एबीएससारखंच, पण ऊन सोसणारं प्लास्टिक) मागा. इलेक्ट्रिकल कव्हर असेल तर फायर रिटार्डंट (सहज पेट न घेणारी) ग्रेड, आणि त्याचं सर्टिफिकेट कुठल्या जाडीला आहे तेही बघा, कारण रेटिंग जाडीप्रमाणे बदलतं.

आरपार दिसायला हवं असेल तर माझी पहिली पसंती पीईटीजी. कमी तापमानात, साधारण १२० ते १६० मधे फॉर्म होतं, बहुतेक वेळा सुकवावं लागत नाही, आणि चॉकलेट किंवा मोदकाचे साचे यात सुंदर निघतात. पण ८० डिग्रीच्या जवळ ते मऊ पडायला लागतं. पेढे ठेवायला ट्रे उत्तम, उकडीचे गरम मोदक थेट त्यात ठेवले तर ट्रे वाकडा होईल, तिथे पीपी हवं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पण पीईटीजी नको. पॉलीकार्बोनेट ही उष्णता आणि मार दोन्ही सोसतं, पण त्याला १२० डिग्रीवर नीट सुकवावं लागतं आणि शीट १८० च्या वर न्यावी लागते, छोट्या घरगुती मशीनला हे झेपत नाही. ॲक्रिलिक घ्यायचं तर एक्सट्रूडेड (मशीनमधून दाबून काढलेली शीट) घ्या, कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट गरम होऊनही ताठ राहते आणि कोपऱ्यात नीट बसत नाही.

पीपी स्वस्त दिसतं म्हणून नवीन माणूस तिकडे वळतो आणि वैतागतो. ते १६० च्या आसपास वितळतं आणि फॉर्म व्हायची रेंज फारच छोटी, थोडं कमी तर ताणलं जात नाही, थोडं जास्त तर शीटला एवढा झोळ येतो की हीटरलाच टेकायची. खालून हवेने झोळ सावरणारं मशीन असेल तरच हात घाला. पेंट आणि गोंदही त्यावर धरत नाही. फ्रीजरमधे जाणारं काही असेल तर कोपॉलिमर पीपी (इथिलीन मिसळलेलं) मागा, साधं होमोपॉलिमर थंडीत तडकतं.

जाडीचा हिशोब तर करायलाच हवा. समजा क्लॅम्पच्या, म्हणजे शीट कडेने धरणाऱ्या फ्रेमच्या, आत ३०० बाय ३०० एमएम शीट आहे आणि २०० बाय २०० चा १०० एमएम उंच बॉक्स काढायचाय. मूळ क्षेत्रफळ ९०,००० चौरस एमएम, बॉक्सच्या चार भिंतींचे ८०,००० वाढले, झाले १,७०,०००. म्हणजे २ एमएमची शीट सरासरी १ एमएमच्या थोडी वर राहणार, आणि कोपरे त्याहून पातळ. कस्टमरला २ एमएम भिंत हवी असेल तर सुरुवात ४ एमएमने करावी लागेल, रेट तसा सांगा.

रेटवरून आठवलं, किलोच्या भावाने तुलना करू नका. ८ बाय ४ फुटाची ३ एमएम शीट पीपीमधे साधारण ८ किलो, एबीएसमधे साडेनऊ आणि पीईटीजीमधे ११ किलोच्या वर भरते. नगाचा भाव काढा, त्यात सुकवायची वीज आणि कडेचं भंगारही धरा.

नवीन सप्लायरची शीट असेल तर २५० एमएमचा चौकोन कापा, एक्सट्रूजनच्या दिशेने (शीट बनताना मशीनमधून ज्या दिशेला बाहेर येते ती) बाण काढा, टाल्कम टाकलेल्या ट्रेवर ओव्हनमधे फॉर्मिंगच्या तापमानापर्यंत गरम करून थंड करा आणि दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेने खूपच आकसला तर ती शीट बनवताना ओढली गेलीय, ती क्लॅम्पमधून सुटणार आणि पार्ट वाकडे येणार. रिग्राइंड (दळून परत वापरलेलं भंगार) किती टक्के आहे हेही स्पष्ट विचारा, रंग दर लॉटला बदलत असेल तर अंदाज येतोच.

खाण्याच्या कामाला फूड ग्रेडचं पत्र लेखी घ्या. आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ट्रे वगैरेंवर बंदी आहे, महाराष्ट्राचे नियम तर २०१८ पासूनच आहेत, म्हणून असली ऑर्डर आली तर मोल्डला हात लावायच्या आधी ती वस्तू यादीत बसते का ते तपासा.

पीव्हीसी शक्यतो टाळाच. जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुफ्फुसाला वाईट आणि मशीनलाही गंज आणतो. करावंच लागलं तर एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि उरलेल्या तुकड्यांवर मार्करने "पीव्हीसी" लिहून वेगळे ठेवा, म्हणजे कोणी ते पीईटीजी समजून हीटरखाली घालणार नाही.