हँग ग्लायडर की घार? गच्चीवरून आकाश बघताना या चुका टाळा

मार्च लागला की नाशिकला जेलरोडच्या आमच्या कॉलनीत कुणी ना कुणी जिन्यातून हाक मारतं, "काका, लवकर वर या, हँग ग्लायडर!" हँग ग्लायडर म्हणजे माणसाला खाली लटकवून तरंगणारा बिनइंजिनाचा पंख. मी दुर्बीण गळ्यात अडकवून वर जातो. बहुतेक वेळा वर घार असते. कधी हातातून सुटलेला फुगा, कधी लांबून आडवं दिसलेलं गांधीनगरचं लष्करी हेलिकॉप्टर. एकदा चूक होणं मी समजू शकतो. पण फरक समजावून सांगितल्यावर पुढच्याच आठवड्यात तोच मुलगा तीच हाक मारतो, तेव्हा वाईट वाटतं. त्यानं नीट पाहिलेलं नसतं, नाव मात्र आधीच ठरवलेलं असतं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. नाशिकच्या आकाशात हँग ग्लायडर रोज दिसत नाही. आपल्या डोक्यावरची हवा तशी मोकळीही नाही. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना आणि धावपट्टी, जिथं सुखोई लढाऊ विमानं तयार झाली. शहरातच गांधीनगरला लष्करी वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र, २००३ पासूनचं. दक्षिणेला देवळालीचा तोफखाना. महाराष्ट्रात ग्लायडर उडवण्याचा छंद असलेले लोक पुण्याजवळच्या कामशेतला जातात, आणि तिथंही कापडी पॅराग्लायडरच जास्त. माझ्या वहीत 'हँग ग्लायडर' म्हणून खात्रीनं लिहिलेल्या नोंदी दोन्ही हातांच्या बोटांवर मावतात. म्हणून तर ते ओळखता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. वर्षातून एखादेवेळी डोक्यावरून जाणारी गोष्ट घार समजून सोडून दिली, तर ती परत येत नाही.

"केवढं मोठं होतं!"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात निरुपयोगीही. अंतर माहीत नसेल तर आकाशातल्या आकाराला काही अर्थ नाही. हँग ग्लायडरच्या पंखांचा पसारा साधारण १० मीटर, म्हणजे आपल्या रो-हाउसच्या रुंदीपेक्षा जास्त. घारीचा दीड मीटरच्या आसपास. पण ग्लायडर ११०० मीटरवर आणि घार १६० मीटरवर असेल, तर दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, पौर्णिमेच्या चंद्राएवढे. हात लांब करून करंगळी धरा. तिच्या निम्म्या रुंदीत दोन्ही मावतात. निळ्या आभाळात मागे झाड नाही, इमारत नाही, मग डोळा अंदाज कशाच्या जोरावर करणार?

मी आकार बघतच नाही. मी शेपूट बघतो. घारीची शेपटी मधून खाचलेली असते आणि वळताना ती सतत पिळते, नावेच्या सुकाणूसारखी, एकदा या बाजूला, एकदा त्या. दुर्बिणीतून दहा सेकंद पाहिलं तरी हे दिसतं. हँग ग्लायडरला शेपूट नसतेच. नाक पुढे, दोन्ही पंख मागे झुकलेले, आणि पंखाखाली एक आडवी काळी रेघ. ती रेघ म्हणजे पोटावर झोपलेला माणूस.

दुसरी खूण घिरटीची, आणि तिला अंतराची गरज लागत नाही. घार आपल्या अंगाच्या मानानं मोठी घिरटी घेते. तिच्या घिरटीत तशा वीसेक घारी शेजारी शेजारी आडव्या मावतील. ग्लायडरची घिरटी त्याच्या पंखांच्या मानानं आखूड असते, पाच-सहा ग्लायडरांत भरते. वस्तू लांब असो की जवळ, हे प्रमाण बदलत नाही. पण त्यासाठी एक अख्खी घिरटी पूर्ण होईपर्यंत गप्प उभं राहावं लागतं, आणि नव्या मंडळींना नेमकं तेच जमत नाही. त्यांना तीन सेकंदांत उत्तर हवं असतं.

गेल्या एप्रिलात शेजारच्या वहिनी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांना ना दुर्बिणीत रस, ना विमानांत. कठड्यावरून वाकून त्यांनी मला हाक मारली, "भाऊजी, ही घार कशी हो? केव्हाची पंखच हलवत नाही, आणि हिच्या पोटाखाली काहीतरी लोंबतंय." नाव त्यांनी दिलं नाही, जे दिसलं तेवढंच सांगितलं. मी पळत वर गेलो. ते हँग ग्लायडर होतं.

"पडलं, पडलं!"

ही दुसरी चूक मला नुसती खुपत नाही, तिची भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी दुपारी देवळालीच्या बाजूनं एक इंजिनवालं ग्लायडर आलं. पंख हँग ग्लायडरचाच, खाली तीन चाकांची गाडी, मागे पंखा. कॉलनीच्या पश्चिमेकडून ते पुढे गेलं आणि एकलहऱ्याच्या दिशेला वळलं. अर्धी कॉलनी गच्चीवर होती. बघता बघता ते खाली खाली गेलं आणि समोरच्या चार मजली इमारतीमागे दिसेनासं झालं. त्याच वेळी इंजिनचा आवाजही थांबला. कुणीतरी ओरडलं, "पडलं!"

पाच मिनिटांत सहा मोटारसायकली दसकच्या रस्त्यानं निघाल्या. एकानं मोबाइलवर 'विमान कोसळलं' असा निरोप पाठवला, तो नाशिकरोडभर फिरला. एका मुलाची गाडी गोदाकाठच्या कच्च्या रस्त्यावर घसरली आणि त्याचा हात मोडला. तो मुलगा आमच्याच मजल्यावरचा. प्लास्टर उतरायला दीड महिना लागला आणि त्यात त्याची परीक्षा गेली.

मी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलो, जिथून इमारत आड येत नाही, आणि दुर्बीण एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवर लावली. ग्लायडर तिथंच होतं, चिमण्यांच्या डावीकडे, आरामात चाललेलं. ते खाली आलंच नव्हतं. लांब गेलं होतं, एवढंच. ५०० मीटर उंचीवरचं ग्लायडर आपल्यापासून एक किलोमीटरवर असेल तर क्षितिजापासून जवळजवळ तीन मुठी वर दिसतं. हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तेच ग्लायडर उंची न सोडता पाच किलोमीटरवर गेलं की एक मूठही वर राहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्याला त्यासाठी चार मिनिटं पुरतात. आवाज थांबला कारण इमारत मध्ये आली.

म्हणून माझी सवय: काहीही इमारतीमागे गेलं की आधी जागा बदलायची, मग तोंड उघडायचं. खरंच उतरायला आलेलं ग्लायडर घिरट्या घेत एकाच जागेवर खाली येतं, शेवटी वाऱ्याकडे तोंड करतं, आणि झोपलेला माणूस पाय खाली सोडून उभा होतो. हे न दिसता कुणी 'पडलं' म्हणू नये. आणि डोळ्यांदेखत खरंच कोसळलं, तर ११२ ला फोन करून दिशा आणि जवळची खूण सांगायची. मोटारसायकल काढायची नाही.

त्रिकोण शोधत बसणे

चित्रांतला हँग ग्लायडर म्हणजे रंगीत त्रिकोण. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या अमेरिकन दांपत्यानं १९४८ मध्ये जो मऊ पंख बनवला, त्यातून आलेले सुरुवातीचे ग्लायडर तसेच होते. आताचे पंख लांब आणि अरुंद असतात. खालून ते बाकदार कोयत्यासारखे दिसतात, समोरून नुसती रेघ. कलिंगडाच्या फाकेसारखं वाकलेलं कापड आणि त्याखाली दोऱ्यांना बसलेला माणूस दिसला, तर ते पॅराग्लायडर. त्याला सांगाडाच नसतो. ग्लायडरच्या पंखात ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात.

सकाळी सात वाजता वाट बघणे

आपल्याकडे थर्मल म्हटलं की एकलहऱ्याचं वीजकेंद्र. ग्लायडरवाल्यांचं थर्मल वेगळं: तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी गरम हवा. आमच्यासारख्या सपाट वस्तीवर डोंगराला आपटून वर चढणारा वारा नाही, त्यामुळे बिनइंजिनाच्या ग्लायडरला इथं टिकायचं तर गच्च्या, डांबरी रस्ते, नांगरलेली काळी शेतं तापायला हवीत. म्हणजे दुपारी बारा ते चार, मार्च ते मेचा मध्य. सकाळी सातला दिसलं तर त्याला इंजिन असणार, नाहीतर ते ग्लायडर नव्हेच. घारींचा थवा एकाच ठिकाणी फिरत वर चढताना दिसला की मी तिथंच नजर ठेवतो. ग्लायडर उडवणारेही घारींवरूनच थर्मल शोधतात. चिमण्यांचा धूर ज्या बाजूला झुकलेला असेल, त्याच बाजूला घिरट्या घेणारं ग्लायडर हळूहळू सरकत जातं.

आवाजाच्या दिशेला बघणे

आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. ऐकू आलं तिथं वस्तू नसते, ती पुढे गेलेली असते. इंजिनवालं ग्लायडर थोडंसंच पुढे सापडतं. ओझरकडचं लढाऊ विमान फारच पुढे. इंजिन नसलेल्याचा आवाज गच्चीपर्यंत येतच नाही.

मोबाइल काढायला खाली बघणे

नजर हटली की गेलं. आकाशात परत सापडत नाही, कितीही तीक्ष्ण डोळे असले तरी. मी नजर न हलवता टाकीचा कोपरा किंवा टॉवरचं टोक त्याच्या खाली येईल असा सरकतो, मग हात खिशात घालतो. फोटोत इमारतीची कड राहू द्यायची. पूर्ण झूम केलेला करडा ठिपका कुणालाच काही सांगत नाही. गांधीनगरच्या किंवा देवळालीच्या लष्करी हद्दीकडे कॅमेरा रोखायचा नाही, आणि ग्लायडर जवळून बघायला ड्रोन तर मुळीच उडवायचा नाही. वर माणूस आहे.

सूर्याजवळ दुर्बीण नेणे

कधीच नाही. घिरटी सूर्याकडे सरकली की दुर्बीण खाली. लहान मुलांच्या हातात दुर्बीण दिली तर मी त्यांच्या शेजारी सूर्याच्या बाजूला उभा राहतो. डोळा भाजताना दुखत नाही, म्हणून मुलांना कळत नाही.

न लिहिणे

दिवसाअखेर आठवणीतलं ग्लायडर दुप्पट मोठं होतं. मी गच्चीवरच लिहितो, जे दिसलं तेच, ओळख सगळ्यात शेवटी. वहिनींच्या त्या दिवसाची नोंद अशी आहे:

"दुपारी २.४०. देवळालीच्या दिशेला, क्षितिजापासून चार मुठी वर. वारा पश्चिमेचा. शेपूट नाही, आवाज नाही, पंख हलत नाहीत. पंखाखाली आडवी रेघ. सहा पूर्ण घिरट्या, शेजारी तीन घारी. मग पूर्वेला. हँग ग्लायडर. आधी वहिनींना दिसलं."