उसाच्या चिपाडातील नॅनोसेल्युलोजने स्टार्चची फिल्म मजबूत कशी करावी

स्टार्चची फिल्म, म्हणजे स्टार्चपासून केलेला प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, मातीत कुजते हे खरे. पण दमट हवेत ती लिबलिबीत होते आणि कोरड्या हवेत तडकते, म्हणून तिला आतून आधार द्यावा लागतो. तो आधार रस काढून उरलेल्या चिपाडात मिळतो, कारण त्याच्या कोरड्या वजनात सुमारे ४० ते ५० टक्के सेल्युलोज असते.

दळलेले चिपाड ४ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ८० अंश सेल्सिअसला दोन तास ढवळावे, धुवावे आणि पांढरे होईपर्यंत ब्लीच करावे. हा लगदा ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ४५ अंशांना सुमारे ४५ मिनिटे ठेवला की सेल्युलोजचा विस्कळीत भाग विरघळतो आणि काही नॅनोमीटर जाडीच्या स्फटिकी काड्या उरतात; हेच नॅनोसेल्युलोज. मिश्रण लगेच दहापट थंड पाण्यात ओतावे (पाणी ॲसिडवर कधीही ओतू नये), सेंट्रिफ्यूज करावे (वेगाने फिरवून घन भाग वेगळा करावा) आणि ॲसिड निघून जाईपर्यंत डायलिसिसच्या नळीत, म्हणजे ॲसिड बाहेर जाऊ देणाऱ्या पण काड्या आत ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या नळीत, पाण्यात ठेवावे. हे काम फ्यूम हूडखालचे (प्रयोगशाळेतील वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातले) आहे, स्वयंपाकघरातले नव्हे.

मिळालेले दुधाळ द्रावण वाळवू नये. वजन करणे सोपे जाईल म्हणून त्याची पावडर करण्याचा मोह होतो. परंतु पाणी निघून गेले की काड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा भिजवल्या तरी नीट सुट्या होत नाहीत. त्याऐवजी १० ग्रॅम द्रावण १०५ अंशांना सुकवून उरलेल्या घन भागाचे वजन करावे, म्हणजे बाकीच्या द्रावणाचा हिशेब लागतो.

समजा द्रावणात १ टक्का नॅनोसेल्युलोज आहे. ५ ग्रॅम मक्याचा स्टार्च आणि १.५ ग्रॅम ग्लिसरीन ८० मिलिलिटर पाण्यात कालवून, सतत ढवळत, ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावे. खळ पारदर्शक झाली की तिच्यात २० ग्रॅम द्रावण बारीक धारेने सोडावे. त्यातून स्टार्चच्या ४ टक्के, म्हणजे ०.२ ग्रॅम, नॅनोसेल्युलोज जाते. बुडबुडे व्हॅक्यूमने काढून, टेफ्लॉनच्या सपाट ताटलीत ओतून, ४० अंशांना रात्रभर सुकवावे.

फिल्म उजेडासमोर धरावी. पांढरे ठिपके दिसले तर काड्यांच्या गुठळ्या झाल्या आहेत, आणि ताण दिल्यावर फिल्म बहुधा तिथेच फाटते. अशा वेळी प्रमाण वाढवण्याऐवजी द्रावण आधी सोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रातून) काढावे. ताणचाचणीपूर्वी साधी आणि मजबूत केलेली, अशा दोन्ही फिल्मच्या पट्ट्या मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, बंद बरणीत, २५ अंशांना दोन दिवस ठेवाव्यात. तेथे आर्द्रता सुमारे ५३ टक्के राहते.