आधी परतीचा रस्ता, मग ओपनडब्ल्यूआरटी

माझ्या कपाटावर एक राउटर पडून आहे. त्याचा उपयोग आता लाइटबिलांवर ठेवायचं वजन, एवढाच. फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, चढत असताना अर्ध्यावर लाइट गेली. सांगलीत, जूनच्या संध्याकाळी, आभाळ भरलेलं असताना मी इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटवर बसले होते, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. बिघडलेला डबा परत उठवायची सोय त्या मॉडेलला नव्हती, हे मी नंतर वाचलं. तेव्हापासून राउटर घेतानाच पहिला प्रश्न विचारते: हा मेला तर उठतो का?

ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी राउटरवर टाकायचं मोफत, खुलं फर्मवेअर, चढवायला दुसरा घेतला पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी, साडेचारशे रुपयांना. टीपी-लिंक आर्चर सी७. उलटा केला आणि चिकटपट्टीवरची बारीक अक्षरं मोबाइलचा टॉर्च लावून वाचली: व्हर्जन ५. हा आकडा मॉडेलच्या नावाइतकाच महत्त्वाचा. सी७ च्या व्हर्जन २, ४ आणि ५ साठी फाइली वेगवेगळ्या आहेत आणि व्हर्जन १ वर तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ओपनडब्ल्यूआरटीत चालतच नाही. विकणारा ‘सगळे सेमच असतात ताई’ म्हणेल. नसतात.

तुमचा राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या यादीत शोधा. त्यात फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि रॅमचे आकडे बघा. ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाला असेल तर नाद सोडा. ८ आणि ६४ वर कसंबसं भागतं, १६ आणि १२८ असेल तर निवांत. आणि फायबरवाल्यांनी बसवून दिलेल्या डब्याला हात लावू नका. तो त्यांचा, तो तसाच राहू दे, आपला राउटर त्याच्या मागे जोडायचा.

फाइली दोन प्रकारच्या दिसतील. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना नावात ‘फॅक्टरी’ असलेली घ्यायची. ‘सिसअपग्रेड’वाली पुढे ओपनडब्ल्यूआरटीवरूनच ओपनडब्ल्यूआरटी अद्ययावत करताना लागते. उतरवलेल्या फाइलचा शा२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजवर हे सर्टयुटिल ही कमांड करून देते.

सुरू करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून घ्या: नेटचं कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचं) आहे का, त्याचं युजरनेम-पासवर्ड आणि जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख-क्रमांक. आमच्या केबलवाल्यासारखे बरेच जण कनेक्शन मॅकला बांधून ठेवतात. नवा डबा लावला की नेट बंद, आणि आपण उगीच फर्मवेअरला शिव्या घालत बसतो. तोच मॅक पुढे वॅन (बाहेरून नेट येतं ती बाजू) इंटरफेसच्या सेटिंगमध्ये टाकला की काम होतं. लागणाऱ्या सगळ्या फाइली आधीच लॅपटॉपवर घ्या, कारण मध्ये नेट नसणार.

कंपनीच्या वेबपानावरून अपग्रेडच्या जागी फॅक्टरी फाइल देऊन काम होतं, पण मी मुद्दाम पहिल्यांदाच टीएफटीपीने (राउटर चालू होतानाच केबलवरून फाइल ओढून घेतो ती पद्धत) चढवते. बिघडल्यावर जो रस्ता धरायचा तोच येताना धरला, की तो चालतो याची खात्री आपोआप होते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, केबल राउटरच्या लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टात. सी७ साठी लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.६६ पत्ता द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. लॅपटॉपवर टीएफटीपीचा सर्व्हर (फाइल देणारा प्रोग्रॅम) चालू करा आणि त्याच्या फोल्डरात फॅक्टरी फाइल ठेवा. मात्र तिचं नाव बदलून, तुमच्या मॉडेलच्या पानावर दिलंय तसंच, एकेक अक्षर जुळवून. मग रीसेटचं बटण दाबून धरत राउटर चालू करायचा आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की सोडायचं.

पहिल्या दोन वेळा माझ्याकडे काहीच झालं नाही. एकदा विंडोजची फायरवॉल आडवी आली. दुसऱ्यांदा राउटर फाइल मागून मोकळा झाला तरी लॅपटॉपचं पोर्ट अजून जागंच होत होतं. मध्ये एक साधा नेटवर्क स्विच जोडला आणि तिसऱ्या खेपेला सर्व्हरच्या खिडकीत टक्के पळायला लागले. त्यानंतर पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. दिवे विझतील, लुकलुकतील, काळजात धस्स होईल. चहा टाका. आणि हो, राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर.

आता लॅपटॉपचा पत्ता पुन्हा आपोआप घेण्यावर ठेवा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. युजर रूट, पासवर्ड नाही. म्हणून पहिलं काम पासवर्ड टाकायचं. वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका, ते मुळात बंदच येतं. चालू करताना देश भारत निवडा आणि एन्क्रिप्शन लावायला विसरू नका. फायबरच्या डब्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर दोघांची टक्कर होते. आपला १९२.१६८.१०.१ करून टाका.

मी हा उपद्व्याप केला तो आईसाठी. तिचा ऑनलाइन पेटीचा क्लास संध्याकाळी सात वाजता, आणि भाच्याचा गेम नेमका तेव्हाच डाउनलोडला लागायचा. बाईंचा आवाज तुटायचा. लुसीमधून (ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं पान) एसक्यूएमचं (नेटची रांग सांभाळणारं) पॅकेज टाकलं, त्यात केक ही पद्धत निवडली आणि वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्याच्या नव्वद टक्क्यांवर बांधला. आमची लाइन ६० एमबीपीएसची, म्हणून डाउनलोड-अपलोड दोन्हींना ५४. सी७ ला एवढं झेपतं. गिगाबिटचा प्लॅन असेल तर हा प्रोसेसर दमेल, मग तगडा राउटर घ्या.

सेटिंग जमली की बॅकअप उतरवून घ्या. माझ्या पेनड्राइव्हवर ‘राउटर’ नावाचं फोल्डर आहे: फॅक्टरी फाइल, कंपनीचं मूळ फर्मवेअर, बॅकअप आणि वहीच्या त्या पानाचा फोटो. तो पेनड्राइव्ह मी कपाटावरच्या त्या मेलेल्या राउटरला दोऱ्याने बांधून ठेवलाय, म्हणजे हरवत नाही.