अमेरिकेतलं राज्य निवडताना या चुका टाळा

"टेक्सासला टॅक्स नाही, न्यू जर्सीला आपली माणसं, कॅलिफोर्नियाची हवा छान आणि शिकागोला थंडी फार." अमेरिकेला निघालेल्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळणारा सल्ला साधारण एवढ्यात आटोपतो. यात फारसं खोटं नाही. तरीही एवढ्याच भांडवलावर निघालेले लोक वर्षा-दोन वर्षांत पुन्हा सामानाचे खोके बांधताना दिसतात.

मुळात निवड असते कुणाला? पहिल्यांदा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणारा बहुतेकदा कंपनी नेईल तिकडे जातो. पण दोन ऑफर हातात असलेले, एल-१ या कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर येताना ऑफिस निवडू शकणारे, एमएस संपवून नोकरी शोधणारे, आणि भावाने किंवा बहिणीने केलेल्या अर्जावर पंधरा-वीस वर्षांनी ग्रीन कार्ड मिळून पन्नाशीत येणारे, या सगळ्यांना निवड असते. हे त्यांच्यासाठी.

"शून्य टॅक्स"ला भुलणं

सामान्य पगारावर राज्याचा आयकर न घेणारी नऊ राज्यं आहेत: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. पण रस्ते, पोलीस, शाळा तिथेही चालवाव्याच लागतात. पैसा दुसऱ्या खिशातून जातो, एवढंच.

आकडे मांडून बघू. नवरा-बायकोचा मिळून पगार वर्षाला १,५०,००० डॉलर धरला, तर कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर साधारण ६,००० डॉलरच्या आसपास येतो. त्याशिवाय अपंगत्व विम्यापोटी पगारातून एक टक्क्याहून थोडं जास्त कापलं जातं. आता तेच जोडपं डॅलसच्या उपनगरात ४,५०,००० डॉलरचं घर घेतं. तिथे मालमत्ता कर दोन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ९,००० डॉलर. नव्याकोऱ्या वसाहतीत पाणी आणि सांडपाण्याची सोय करणाऱ्या जिल्ह्याचा वेगळा कर लागतो, त्याला तिथले लोक 'मड' म्हणतात. तो धरून दर अडीच टक्क्यांपर्यंत किंवा पुढेही जाऊ शकतो. बिल्डरच्या ऑफिसात चहापाणी, हसू-बोलणं सगळं होतं. मडचा दर मात्र आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

मग टेक्सास चुकीचं का? मुळीच नाही. तसंच घर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला घ्यायला गेलात तर किंमत तिपटीच्या आसपास असेल, आणि कराचा दर कमी असूनही बिल मोठंच येईल. कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्का आहे आणि कर ज्या किमतीवर लागतो ती वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. म्हणून जुन्या घरमालकाची तिथे चैन असते, नव्याची नाही. सांगायचं ते इतकंच, की नुसता आयकराचा रकाना बघून तुलना करू नका. घरभाडं किंवा हप्ता, मालमत्ता कर, घराचा आणि गाडीचा विमा, पाळणाघर, सगळं एका कागदावर लिहा. आणि टेक्सासला घर घेतलंत तर स्वतःच्या राहत्या घराची सवलत आपण होऊन मागावी लागते, कौंटीने ठरवलेली किंमत जास्त वाटली तर साधारण १५ मेच्या आत हरकत घ्यावी लागते. नवी मंडळी हे दोन्ही विसरतात आणि मग दिवाळीत टॅक्सच्या नावाने बोटं मोडतात.

न्यू जर्सीचं वेगळंच. आयकरही आहे आणि मालमत्ता कर देशात सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत ते वरचं आहे. २०२४मध्ये तिथलं सरासरी बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं.

राज्याच्या सीमेजवळ राहणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला राहायचं, आयकर वाचवायचा, आणि नदी ओलांडून पोर्टलंडला नोकरीला जायचं, हा बेत अनेकांना सुचतो. पण ओरेगॉनमध्ये बसून कमावलेल्या पगारावर ओरेगॉन कर घेतंच. फिलाडेल्फियाची महापालिका तर शहरात काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या पगारातूनही साडेतीन टक्क्यांच्या आसपास कापते.

व्हिसाचा नकाशा न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि राज्यांच्या याद्या छापणारे तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण त्या याद्या अमेरिकन नागरिकांसाठी लिहिलेल्या असतात.

एच-१बी हा कामाच्या जागेला बांधलेला असतो. त्याच महानगर क्षेत्रात ऑफिस बदललं तर फारसं बिघडत नाही, पण क्षेत्राबाहेर जायचं असेल तर आधी कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो. 'घरूनच तर काम करायचंय, डॅलसला राहीन आणि जर्सीची नोकरी करीन' हे परस्पर ठरवू नका. घर हीच मग कामाची जागा ठरते. शिवाय कंपनीला त्या राज्यात पगाराची नोंदणीही करावी लागते, आणि ती करायला अनेक कंपन्या साफ नकार देतात.

ग्रीन कार्डचा पहिला टप्पा, ज्याला सगळे पर्म म्हणतात, तोही ठरावीक ठिकाणच्या नोकरीसाठीच असतो. शेवटचा अर्ज दाखल होण्याआधी नोकरीचं ठिकाण दूरच्या भागात गेलं, तर पर्म बहुधा नव्याने करावं लागतं. त्यापुढचा कंपनीचा अर्ज, म्हणजे आय-१४०, एकदा मंजूर झाला की ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख सहसा टिकते, पण खटाटोप पुन्हा करावाच लागतो. भारतीयांची रांग किती लांब आहे ते सांगायला नको. म्हणजे आज 'तात्पुरतं' म्हणून घेतलेलं शहर दहा वर्षांचं होऊ शकतं.

नोकरी गेली तर काय? साधारणपणे ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा, नाहीतर दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. आता इंडियानातलं कोलंबस घ्या. कमिन्सचं गाव. पुण्याच्या कमिन्समधून तिथे गेलेले कितीतरी मराठी इंजिनिअर आहेत. इलिनॉयमधलं मोलीन जॉन डीअरचं, आर्कान्सातलं बेंटनव्हिल वॉलमार्टचं. ही गावं राहायला झकास: दहा मिनिटांत ऑफिस, आवाक्यातली घरं, पोरांना मोकळं अंगण. पण एकाच कंपनीवर गाव उभं असलं की त्या ६० दिवसांत गावातल्या गावात दुसरी नोकरी मिळणं अवघड, आणि कपात झाली की शेजारचे चार जणही त्याच वेळी घर विकायला काढतात. इलिनॉयमधलं पिओरिया म्हणजे कॅटरपिलर हे समीकरण कित्येक दशकांचं होतं. कंपनीने २०१७मध्ये मुख्यालय शिकागोजवळच्या डीअरफील्डला न्यायचं ठरवलं आणि २०२२मध्ये टेक्सासमधल्या अर्व्हिंगला. कारखाने राहिले, साहेबांची ऑफिसं गेली.

अशा गावात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, पैसे साठवा, पण आय-१४० मंजूर होईपर्यंत भाड्याने राहा.

याच रकान्यात कायद्याचा एक मुद्दा येतो. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, अशी अट ऑफर लेटरमध्ये असते. कॅलिफोर्नियात ती जवळपास रद्दबातल आहे. टेक्सास किंवा फ्लोरिडात ती वाजवी असेल तर कोर्ट मान्य करू शकतं. सही करण्याआधी राज्य कुठलं ते बघा.

जोडीदाराचं करिअर "नंतर बघू" म्हणणं

आयटीतला माणूस कुठल्याही राज्यात त्याच लॅपटॉपवर काम करतो. फिजिओथेरपिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, शिक्षिका, आर्किटेक्ट यांचं तसं नाही. परवाना राज्य देतं आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. राज्यांनी आपसात केलेल्या करारामुळे नर्सचा एका राज्याचा परवाना सुमारे चाळीस राज्यांत चालतो, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्या करारात नाहीत. आपल्या सीएंना सीपीए, म्हणजे अमेरिकेतले सीए, व्हायचं असेल तर तीन वर्षांचं बीकॉम आणि सीए मिळून किती शिक्षण धरायचं, हे राज्याचं मंडळ ठरवतं. एखाद्या ठिकाणी थेट परीक्षेला बसता येतं, दुसरीकडे आणखी क्रेडिट मिळवून या म्हणतात.

आणि त्याआधीचा प्रश्न, काम करता येणार का? एल-१वाल्याच्या, म्हणजे एल-२वरच्या, जोडीदाराला येतं. एच-१बीवाल्याचा जोडीदार म्हणून एच-४वर असाल तर साधारणपणे एच-१बीवाल्याचा आय-१४० मंजूर झाल्यावरच परमिट मागता येतं. तोवर ती किंवा तो घरी असणार, म्हणून त्या काळात गाडीशिवाय बाहेर पडता येईल का, जवळ कम्युनिटी कॉलेज आहे का, हे दोघांनी मिळून बघायला हवं. ऑफर एकाची असली तरी गाव दोघांचं असतं, आणि डॅलसच्या बाहेरच्या वसाहतीत एकच गाडी असलेल्या घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बसून काढणं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्यालाच ठाऊक.

शहराच्या नावावरून शाळा ठरवणं

"मॅसॅच्युसेट्सच्या शाळा उत्तम." असतील. पण तुमचं मूल मॅसॅच्युसेट्समध्ये शिकत नाही, ते एका स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या एका शाळेत शिकतं, आणि ती शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. डिस्ट्रिक्टची हद्द आणि शहराची हद्द एक नसते. पत्त्यात सॅन होजे लिहिलेल्या पश्चिमेकडच्या काही गल्ल्या क्युपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात. टेक्सासमध्ये प्लेनो असा पत्ता असलेली काही घरं फ्रिस्कोच्या. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा, पलीकडे दुसरी, आणि भाड्यात तीनशे-चारशे डॉलरचा फरक. घर बघताना दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर घर क्रमांकासकट पत्ता टाकून बघा, आणि शाळा भरली असेल तर मुलाला दुसरीकडे पाठवतात का, हे फोन करून विचारा.

वयाचा नियमही बघून ठेवा. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात, न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतात. ऑक्टोबरात जन्मलेलं मूल एकीकडे किंडरगार्टनमध्ये बसतं आणि दुसरीकडे आणखी वर्षभर थांबतं. कॅलिफोर्नियात त्या वर्षासाठी सरकारी शाळांत 'ट्रान्झिशनल किंडरगार्टन'ची सोय आहे. अशी सोय नसेल तिथे पाळणाघराच्या एका वर्षाचा खर्च बऱ्याच शहरांत दहा हजार डॉलरच्या वर जातो.

पुण्याचा फ्लॅट विसरणं

भारतात घरभाडं येतं, एफडी आहे, एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यावर व्याज आहे. केंद्राच्या म्हणजे फेडरल रिटर्नमध्ये हे सगळं दाखवायचं असतं, एनआरईचं भारतात करमुक्त असलेलं व्याजसुद्धा. भारतात भरलेल्या कराची वजावट फेडरल पातळीवर मिळते. पण भारत-अमेरिका कर करार राज्यांवर बंधनकारक नाही, आणि कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या आयकराची वजावट देत नाही. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात कर भरून झाला तरी सॅक्रामेंटोचा, म्हणजे कॅलिफोर्निया सरकारचा, वाटा वेगळा. मोठी मालमत्ता विकायचा विचार असेल तर कुठल्या राज्याचे रहिवासी असताना विकता, यावर हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. सीपीएला हा प्रश्न तिकडे जाण्याआधी विचारा. वरातीमागून घोडं नको.

हवा फक्त थंडीपुरती बघणं

थंडीला सगळे घाबरतात, पण जाकीट मिळतं, घरात हीटर असतो, रस्ते साफ होतात. मिनेसोटात माणसं मजेत राहतात. फिनिक्सला २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअसला किंवा त्याच्या वर गेला, तेव्हा मात्र नागपूरकरांनीही हात जोडले. फ्लोरिडात वादळं आणि त्यामुळे वाढलेला घराचा विमा, कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात वणव्यांमुळे विमा मिळण्याचीच मारामार. पुराचं नुकसान घराच्या नेहमीच्या विम्यात येत नाही. ते वेगळं घ्यावं लागतं, आणि सरकारी योजनेतला पूर विमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी टीव्हीवर बघून धावपळ करण्यात अर्थ नाही. ह्यूस्टनला घर बघणाऱ्याने हार्वे वादळात, २०१७मध्ये, त्या गल्लीत पाणी आलं होतं का, एवढं तरी विचारावं.

"आपली माणसं" हा निकष अर्धाच धरणं

मराठी मंडळं आता बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. शिकागोचं १९६९पासूनचं, त्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासूनचं. गणपती, दिवाळी अंक, नाटकाचे दौरे, रविवारची मराठी शाळा, सगळं मिळतं. म्हणून केवळ त्यासाठी न्यू जर्सीच गाठायची गरज उरलेली नाही. पण मंडळाचा कार्यक्रम महिन्या-दोन महिन्यांतून एकदा असतो, आणि आई-बाबा येतात ते सहा महिन्यांसाठी. त्यांना गाडी चालवता येत नाही. न्यू जर्सीतल्या इझलिनच्या ओक ट्री रोडच्या आसपास घर असेल तर बाबा पायी जाऊन भाजी आणि वर्तमानपत्र आणतात, चार माणसांशी बोलतात. एखाद्या नव्या उपनगरात फूटपाथसुद्धा नसतो. तिथे तिसऱ्या आठवड्यात परतीच्या तिकिटाची चौकशी सुरू होते.

आल्या आल्या बांधून घेणं

पहिलं वर्ष भाड्याने. यावर माझं मत ठाम आहे, सासरेबुवा डाउन पेमेंट द्यायला तयार असले तरीही. पण भाड्याचंही आधी वाचून घ्या. न्यूयॉर्क शहरात बरेच घरमालक महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात, आणि नव्याने आलेल्याला क्रेडिट स्कोअर नसतो, तेव्हा बहुधा जामीनदार लागतो. कंपनीच्या पत्रावर काम भागतं का, ते एचआरला आधी विचारा. करार मुदतीआधी मोडला तर किती भरावं लागेल, हे कलम शोधा. दोन महिन्यांचं भाडं भरून सुटता येत असेल तर सही करायला हरकत नाही. उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागणारा करार असेल, तर दुसरं घर बघा.